इंदूर-इच्छापूर रस्ता : दोन बाजीरावांच्या वाटेवरून

आपल्या इंदूरहून महाराष्ट्रात जाण्याचे मुख्य रस्ते दोन. एक आग्रा-मुंबई रस्ता, जो महू, मानपूर, खलघाट, सेंधवा करीत धुळ्याला उतरतो. पुण्या-मुंबईकडची मंडळी त्या रस्त्याने जातात आणि त्याच्याबद्दल लिहूनही पुष्कळ झाले आहे. दुसरा आपला खंडवा रोड. ज्यांचे मूळ गाव जळगाव, भुसावळ, मलकापूर, अकोला या पट्ट्यात आहे, त्यांच्यासाठी गावचा रस्ता म्हणजे हाच. सिमरोल, बडवाह, मोरटक्का, सनावद, देशगाव, खंडवा, असीरगड, बऱ्हाणपूर, शहापूर आणि इच्छापूर. त्यानंतर महाराष्ट्राची हद्द लागते आणि थोड्याच अंतरावर मुक्ताईनगर. सारा मिळून सुमारे दोनशे कि.मी.चा प्रवास.

मध्यप्रदेशच्या नोंदीत हा राज्य मार्ग क्र. २७. बांधकामाच्या कागदांवर 'इंदूर-एदलाबाद मार्ग' असे त्याचे नाव दिसत असे. एदलाबाद हे मुक्ताईनगरचे जुने नाव. अलीकडे हा रस्ता केंद्राच्या यादीत गेला. इंदूरकडच्या तुकड्याला राष्ट्रीय महामार्ग ३४७ बीजी आणि खंडव्याच्या पुढे बऱ्हाणपूरमार्गे मुक्ताईनगरपर्यंत ७५३ एल असे नंबर मिळाले. हे नंबर लक्षात ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लोक 'खंडवा रोड' म्हणतात आणि पुढेही म्हणतील.

आमचे आजोबा होळकरांच्या नोकरीसाठी खानदेशातून इंदूरला आले ते रेल्वेने. माझी नोकरी मात्र १९८० नंतरची सहा वर्षे खंडव्यात होती आणि दर शनिवारी संध्याकाळी मी बसने इंदूरला येत असे. सोमवारी पहाटे नवलख्याहून परतीची बस. त्या सहा वर्षांत या रस्त्यावरचे प्रत्येक वळण अंगात भिनले. पुढे वाचनाची सवय लागली तेव्हा कळले, की आपण खिडकीला डोके टेकून जे बघत होतो तो मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा तुकडा होता. म्हणून हा लेख.

आधी भूगोल पाहू, कारण इतिहास त्याच्या मागून आला. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. नर्मदेचे पात्र त्याच्याहून जवळजवळ चारशे मीटर खाली. म्हणजे सिमरोल सोडले की विंध्याचा कडा उतरावाच लागतो. तो उतार म्हणजे भेरूघाट. खाली चोरल नदी, मग बाईचा घाट, बलवाडा आणि बडवाह. नर्मदा ओलांडली की निमाडचा सपाट, तापलेला मुलूख. कापूस, मिरची आणि उन्हाळ्यात अंगाची लाही. खंडव्याच्या दक्षिणेला सातपुडा आडवा येतो, पण इथे देवाने डोंगरात एक खिंड ठेवली आहे. त्या खिंडीतून पलीकडे गेले की तापीचे खोरे, म्हणजे खानदेश. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत येणाऱ्या फौजेला हत्ती, तोफा आणि बैलगाड्या घेऊन जाण्यासारख्या ज्या थोड्या वाटा होत्या त्यांतली ही एक. पुढे मुंबईहून जबलपूरकडे जाणारी आगगाडीसुद्धा इंग्रजांनी याच खिंडीतून नेली.

खिंडीच्या तोंडावर असीरगड. रस्त्यावरून जाताना बसमधून पूर्ण दिसतो. खालच्या मैदानापासून अडीचशे मीटरहून जास्त उंच, आणि त्याचे तीन भाग : असीरगड, कमरगड आणि मलयगड. आसा अहीर नावाच्या गवळी राजावरून नाव पडले असे सांगतात. अश्वत्थामा आजही तिथल्या महादेवाला पहाटे फूल वाहून जातो, ही गोष्ट खंडव्यात मला किमान दहा जणांनी 'आमच्या ओळखीच्याने पाहिलेले' म्हणून सांगितली. 'दख्खनचा दरवाजा' ही त्याची ख्याती. फारुकी सुलतानांचा हा किल्ला घ्यायला खुद्द अकबराला यावे लागले आणि महिनोन्महिने वेढा देऊन बसावे लागले. जानेवारी १६०१ मध्ये तो पडला, आणि तोही तोफांपेक्षा फितुरीने आणि वाटाघाटींनी.

असीरगडापासून वीसेक कि.मी.वर बऱ्हाणपूर. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे हे ठाणे. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या भेटीला जाताना इथे शाहजादा परवेझला भेटला. त्याच सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, शहराला पाणी पुरविणारा कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे आणि वर ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवायच्या, ही इराणी पद्धत. मी लिफ्टने खाली उतरून पाहिले आहे. भर मे महिन्यात खाली गारवा आणि पायाशी स्वच्छ वाहते पाणी. शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपुरातच वारली. तापीपलीकडच्या आहूखान्याच्या बागेत तिला आधी पुरले होते आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. ताजमहाल बघून येणारे लाखो, आहूखाना बघणारे मोजके. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो मात्र चुकवू नये. १५८८ च्या आसपासचा, फारुकी राजवटीतला. मावा जिलेबी त्यानंतर खावी.

मराठे या शहराच्या वाट्याला प्रथम मोठ्या प्रमाणावर गेले ते संभाजी महाराजांच्या काळात. राज्याभिषेक झाला १६ जानेवारी १६८१ ला आणि महिना संपण्याच्या आत हंबीरराव मोहित्यांची फौज बऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर येऊन धडकली. कोटाच्या बाहेरचे पुरे लुटले गेले. औरंगजेबाने स्वतः दख्खनेत उतरण्याचे ठरविले त्यामागे शाहजादा अकबराचे बंड होते, तशी ही बऱ्हाणपूरची लूटही होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहा बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. पुढची सव्वीस वर्षे महाराष्ट्राने काय सोसले ते आपणा सर्वांना माहीत आहे.

आता या रस्त्यावरच्या त्या दोन जागांकडे येतो, ज्यांच्यासाठी मी लेखाला असे नाव दिले.

सनावदहून पश्चिमेला एक फाटा बेडियाला जातो. बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. हंगामात गावाच्या अलीकडेच नाकाला झोंबू लागते. त्याच्या पुढे नर्मदेच्या काठी रावेरखेडी. सनावदपासून वीस-पंचवीस कि.मी. असावे. थोरल्या बाजीरावांची समाधी इथे आहे. १७४० च्या आरंभी औरंगाबादच्या परिसरात नासिरजंगाशी लढाई झाली, मुंगी-पैठणला तह झाला आणि त्यात हंडिया व खरगोण या सरकारांची जहागीर बाजीरावांना मिळाली. तिचा ताबा घेण्यासाठी ते निमाडात आले होते. भर वैशाखाचे दिवस. ताप आला आणि २८ एप्रिल १७४० ला, चाळिशीही पुरी होण्याआधी, नर्मदेच्या वाळूत छावणीतच ते गेले. काशीबाई जवळ होत्या. ज्या नदीच्या उताराने त्यांच्या फौजा एवढ्यांदा उत्तरेला गेल्या, तिच्या दक्षिण तीरावरच त्यांचा शेवट झाला.

समाधी साधी आहे. भोवती कोट, आत ओवऱ्या आणि मधे चौथरा. शिंद्यांनी ती बांधविली असे सांगतात. मी प्रथम गेलो तेव्हा आवारात शेळ्या होत्या आणि राखणदाराने विचारले, "पूना से आये हो?" इंदूरहून आलो म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटले. पुण्याहून माणसे गाडी करून येतात आणि इंदूरची येत नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले. मला उत्तर सुचले नाही. ओंकारेश्वराला आपण वर्षातून दोनदा जातो आणि तिथून सनावद अर्ध्या तासावरही नाही. मधल्या काळात महेश्वर धरणाच्या पाण्याने समाधीला धोका होईल म्हणून बरीच वर्षे चर्चा, निवेदने, आंदोलने चालली. तेव्हा वर्तमानपत्रांतून नाव वाचून काही मंडळी जाऊन आली. एक सूचना आवर्जून करतो. रावेर नावाचे तालुक्याचे गाव जळगाव जिल्ह्यातही आहे, बऱ्हाणपूरपासून जवळच. माझ्या ओळखीतले एक सद्गृहस्थ सहकुटुंब तिथे उतरून समाधी विचारत फिरले होते. आपल्याला जायचे ते रावेरखेडी, जिल्हा खरगोण.

दुसरी जागा असीरगडाजवळची. १८१८ च्या उन्हाळ्यात दुसरे बाजीराव इंग्रजी पलटणींना हुलकावण्या देत कोरेगाव, आष्टी, चंद्रपूरकडचा मुलूख असे भटकत शेवटी सातपुड्यात येऊन थांबले. असीरगड तेव्हा शिंद्यांकडे होता आणि किल्लेदार यशवंतराव लाड मनाने पेशव्यांच्या बाजूचा. पण शिंदे स्वतः हलले नाहीत. जॉन माल्कम चाल करून आला, वाटाघाटी झाल्या आणि ३ जून १८१८ रोजी धूळकोट येथे बाजीरावांनी शरणागती पत्करली. वर्षाला आठ लाखांची नेमणूक आणि गंगाकाठी ब्रह्मावर्तात राहणे, असे ठरले. शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण आधीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये, लागले होते. पण पेशवाई खऱ्या अर्थाने संपली ती इथे, आपल्या खंडवा-बऱ्हाणपूर रस्त्याच्या बाजूच्या डोंगरात. पुढच्या वर्षी नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून असीरगडाच्या आश्रयाला आले आणि त्या निमित्ताने इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला. ९ एप्रिल १८१९ ला किल्ला पडला.

आजोबांच्या गादीला अठ्ठ्याहत्तर वर्षांनी नातवाने हात जोडले. दोन्ही ठिकाणे बसच्या एका दिवसाच्या फेरीत बघता येतात. शाळेत आम्हाला दोन्ही सनावळ्या पाठ होत्या, पण त्या आमच्याच रस्त्यावर घडल्या हे एकाही मास्तरांनी सांगितले नाही.

इंग्रजी अमदानीत या रस्त्याची हद्दींनी खांडोळी झाली होती. इंदूर, बडवाह, सनावद होळकरांचे. मांधाता-ओंकारेश्वर आणि खंडवा इंग्रजांच्या निमाड जिल्ह्यात. बऱ्हाणपूर १८६० पर्यंत शिंद्यांकडे, मग इंग्रजांकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्यप्रदेश होईपर्यंत इंदूर मध्यभारतात आणि खंडवा जुन्या मध्यप्रदेशात, नागपूर राजधानीच्या राज्यात होते. त्या हद्दींचा वास अजून गेलेला नाही. आजही बडवाह खरगोण जिल्ह्यात, पूल ओलांडला की मोरटक्का खंडवा जिल्ह्यात, आणि लगेच सनावद पुन्हा खरगोण जिल्ह्यात. बऱ्हाणपूर २००३ मध्ये वेगळा जिल्हा झाला.

रस्त्याला मागे टाकले ते रेल्वेने. १८७० मध्ये मुंबई-कोलकाता लोहमार्ग जबलपूरमार्गे पुरा झाला आणि खंडवा त्यावरचे महत्त्वाचे स्टेशन ठरले. त्याच वर्षी तुकोजीराव महाराजांनी (दुसरे) खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे, आणि जमीन फुकट. इंग्रजांना सावकारी करणारा मराठी राजा म्हणून आमचे आजोबा हा आकडा मोठ्या चवीने सांगत. १८७७ पर्यंत नर्मदेवरचा पूल आणि पाताळपाणीचा अवघड घाट पार करून गाडी इंदूरला आली. पुढे खंडव्याहून अकोल्यालाही मीटरगेज झाली. जयपूरहून सिकंदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इंदूर-खंडवा-अकोला मार्गाने जात असे. विदर्भातल्या माहेरवाशिणींची ती हक्काची गाडी होती. डबे लहान, पण शेंगांची टरफले टाकायला जागा पुष्कळ.

ती रेल्वे आता राहिली नाही. ब्रॉडगेजच्या कामासाठी अकोला-खंडवा २०१७ च्या आरंभी बंद झाली, आणि महू-ओंकारेश्वर रोड हा उरलेला मीटरगेज तुकडा २०२३ च्या आरंभी. पाताळपाणी-काळाकुंड एवढ्यावर २०१८ पासून हेरिटेज गाडी सुरू झाली, ती सहलीसाठी. म्हणजे दीडशे वर्षांनी सारा भार पुन्हा रस्त्यावर आला.

आणि रस्ता कसा होता? १९९० नंतरच्या दशकात तर त्याला रस्ता म्हणणे धाडसाचे होते. बऱ्हाणपूरला पोचायला सात-सात तास लागत. २००३ च्या निवडणुकीत 'बिजली, सडक, पानी' हाच मुद्दा झाला त्यात नवल नाही. २००० नंतर खासगी पैशातून रस्ता सुधारला, टोलनाके आले, डांबर दिसू लागले. पण भेरूघाट तसाच राहिला. एकीकडे दरी, एकीकडे कडा, समोरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक. वरच्या भेरूबाबाला ड्रायव्हर उदबत्ती लावीत आणि मगच गिअर टाकीत. आमच्या बसचा एक ड्रायव्हर तर घाट संपेपर्यंत कोणाशी बोलत नसे आणि कोणी बोललेले त्याला खपतही नसे. घाटात गेलेल्या माणसांची नावे मी इथे लिहीत नाही. आपल्या सर्वांच्या घरात एखादे तरी आहे. आता चौपदरीकरणात घाटाखालून बोगदे खोदायला घेतले आहेत आणि नर्मदेवर नवा पूल. बोगदे व्हायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त गाडी थेट जमिनीच्या पोटातून गेल्यावर विंध्य उतरल्याचे कोणाला कळणार नाही, एवढेच.

मोरटक्क्याचा पूल हा निराळा विषय. पूल आला की बसमध्ये "नर्मदे हर" होई, खिडक्यांतून नाणी पडत आणि झोपलेली मुले उठवली जात. आमच्या थोरल्या काकांच्या अस्थी खेडीघाटावर सोडल्या तेव्हाही आम्ही याच पुलावरून आलो. नर्मदा परिक्रमेला येणारी महाराष्ट्रातली माणसे बहुधा ओंकारेश्वराहून संकल्प सोडतात, तीही याच रस्त्याने उतरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, नर्मदेला मोठा पूर आला आणि पुलावरची वाहतूक बंद झाली. भुसावळची माझी बहीण गौरीसाठी निघाली होती. ती खंडव्यात एक रात्र काढून परत फिरली आणि धुळे-सेंधव्याच्या रस्त्याने आली. तोवर गौरी उठल्या होत्या. नदीच्या या तीरावर आम्ही आणि त्या तीरावर ती, मधे पाऊण कि.मी.ही नसेल. बाजीरावांच्या फौजेला उताराची वाट का बघावी लागे, ते त्या आठवड्यात नीट समजले.

बऱ्हाणपूरपुढचा तुकडा छोटा, पण मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. शहापूरच्या बाजारात हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येते. 'भाजी कैसी दी' म्हणून विचारणारी बाई पुढच्या क्षणी पोराला 'इकडं ये रे' म्हणून हाक मारते. इच्छापूरला टेकडीवर इच्छादेवीचे मंदिर. कोणा मराठा सुभेदाराने मुलासाठी नवस केला, तो फळला, आणि त्याने देवीचे मंदिर आणि विहीर बांधली अशी कथा आहे. चैत्रात जत्रा भरते, खानदेशातून बैलगाड्यांऐवजी आता टेंपो येतात.

त्यापुढे हद्द. मुक्ताईनगरला आदिशक्ती मुक्ताबाईचे स्थान आहे. १२९७ मध्ये तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई त्यात गुप्त झाली अशी श्रद्धा आहे. पंढरपूरला सर्वांत लांबून जाणाऱ्या पालख्यांत मुक्ताईची पालखी धरली जाते, आणि तिच्यात बऱ्हाणपूरकडचे वारकरीही असतात. ते मध्यप्रदेशातून आले आहेत हे कोणी त्यांना विचारीत नाही.

आमच्या आजीला हद्द ओलांडल्याचे कळण्याची एक खूण होती. तिला वाचता येत होते, पण डोळे अधू झाले होते, म्हणून ती आम्हा नातवंडांना पाट्या वाचायला लावी. एका गावापर्यंत पाटीवर 'पुलिया संकीर्ण है' असे असे. पुढच्या पाटीवर 'अरुंद पूल' आले, की ती पिशवीतून फणी काढून केस नीट करू लागे.